माहेरचा क्रमांक

मराठी माणसाला झिंडेलफिंगेन ठाऊक असतं ते मर्सिडीजच्या कारखान्यामुळे. पुण्या-चाकणकडची बरीच कुटुंबं त्याच निमित्ताने इथे येतात. आम्हीही तसेच आलो. पण या गावात आणखी एक वास्तू आहे, 'हाउस डेअर डोनाउश्वाबेन', म्हणजे डॅन्यूबकाठी जाऊन वसलेल्या जर्मनांचं घर, आणि तिथे चालणारं काम आपल्या घराघरांत पोचावं असं मला फार वाटतं.

अठराव्या शतकात जर्मन मुलखातली हजारो कुटुंबं उल्म शहरात बोटीत बसून डॅन्यूब नदीने खाली गेली. हॅब्सबर्ग बादशहांनी तुर्कांकडून जिंकलेला, आजच्या हंगेरी, सर्बिया, रुमानियातला प्रदेश ओस पडला होता. तिथे त्यांना जमिनी मिळाल्या, गावं वसली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मात्र त्यांच्यातल्या लाखोंना पळावं लागलं किंवा हाकललं गेलं. युगोस्लाव्हियात हजारो माणसं छावण्यांत मेली. 1964 मध्ये झिंडेलफिंगेनने युगोस्लाव्हियातून आलेल्यांचं पालकत्व घेतलं आणि 1970 मध्ये ही वास्तू उघडली. 1975 पासून त्यांच्या वंशावळींच्या अभ्यासकांचं मंडळही काम करतं आहे.

या लोकांनी गावनिहाय कुटुंबपुस्तकं केली. चर्चच्या दप्तरातले बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू जुळवायचे, प्रत्येक जोडप्याला एक क्रमांक द्यायचा, खाली मुलं लिहायची. मुलगी लग्न होऊन गेली, की तिच्या नावापुढे नव्या घराचा क्रमांक येतो आणि नव्या घरात तिच्या नावाशेजारी माहेरचा. त्यामुळे बाईचा माग कुठेच तुटत नाही. जगभर पांगलेल्या गावकऱ्यांनी आपापल्या घरातलं कागदपत्र पुढे केलं, म्हणून अशी पुस्तकं भरत गेली.

आपल्याकडे नोंदींचा तुटवडा नाही. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे हेळवी दारोदार येऊन पिढ्यांची नावं सांगतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या आहेत. यात्रेला आलेल्या पूर्वजाने गाव, भाऊ, मुलगे यांची नावं तिथे लिहून ठेवलेली सापडतात. शिवाय छापील कुलवृत्तांत आहेतच. पण यातलं बहुतेक सगळं मुलग्यांच्या धाग्याने चालतं, आणि लग्नात नाव बदललेली सून 'अमक्याची पत्नी' होऊन थांबते. मला ही उणीव फार खुपते, कारण अर्धी माणसंच तिच्यात गळतात.

माझ्या पणजीचं माहेरचं नाव आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. वाईच्या घराच्या माळ्यावर तिच्या आंदणातलं तांब्याचं घंगाळ होतं, त्यावर तिच्या वडिलांचं नाव आणि गाव कोरलेलं. माझ्या आतेभावाने त्या गावी जाऊन चौकशी केली. तिच्या भावाच्या घरात एक वही निघाली, आणि तीत तिचं जन्मनाव होतं. आमच्या कुळाची कागदपत्रं आम्ही कितीही उपसली असती तरी ते हाती लागलं नसतं. बाईचा इतिहास दुसऱ्या घराच्या फडताळात असतो. म्हणून घराण्यांनी एकमेकांना वह्या दाखवायला हव्यात.

लिपीची अडचण दोन्हीकडे सारखी. जुनी जर्मन दप्तरं कुरेंट वळणात आहेत. त्याच परंपरेतलं झ्युटरलीन वळण 1941 नंतर शाळांतून गेलं, आणि आज इथल्या नातवंडांना आजोबांची पत्रंही लावून घ्यावी लागतात. आपली मोडीही शाळेतून गेली. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणारी माणसं किती मोलाची आहेत ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

इथल्या मराठी घरांत आई-बाबा, सासू-सासरे व्हिसावर नव्वद दिवस येतात. मुलं कामावर, नातवंडं शाळेत, आणि त्यांच्यापाशी निवांत वेळ. आम्ही काही कुटुंबं शनिवारी जमतो आणि त्यांना विचारतो. प्रश्न वडिलांकडून नाही, आईकडून सुरू करतो: तुमच्या आईचं माहेर कुठलं, तिच्या आईचं कुठलं, पहिल्या बाळंतपणाला कुठे गेल्या होत्या? कुलदैवत हमखास विचारतो, कारण गाव सुटलं, आडनाव बदललं, तरी घराणी बहुधा कुलदैवत सोडत नाहीत. उत्तरं ध्वनिमुद्रित करतो, आणि एका वहीत जर्मन पद्धतीने जोडप्यांना क्रमांक देतो. एका घराची सून दुसऱ्या घरच्या आजीची मावसनात निघाली, तेव्हा दोघी बराच वेळ हात धरून बसल्या होत्या.

जर्मनीत जन्माची नोंद 110 वर्षं, लग्नाची 80 आणि मृत्यूची 30 वर्षं झाल्यावरच सर्वांना खुली होते. हा दंडक मला पटतो. आमच्या वहीत हयात माणसांची फक्त नावं असतात, तारखा नाहीत. आणि दत्तक, काडीमोड, दुसरं लग्न या गोष्टी त्या त्या घराला विचारल्याशिवाय आम्ही पुढे देत नाही.