नीलगायीच्या शिकारीचा परवाना आणि शेजारचा बांध

माळव्यात हरभऱ्याला घाटे धरू लागले, की नीलगायींचे कळप शेतांत उतरतात. पूर्ण वाढलेला नर वजनाला दोनशे किलोंच्या पुढे भरतो. काट्याकुट्यांच्या कुंपणाला तो जुमानत नाही. नावात ‘गाय’ असल्याने पुष्कळ शेतकऱ्यांचा हात त्याच्यावर उठत नाही, हेही खरे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये शिकारीस बंदी आहे. तथापि कलम 11 मध्ये अपवाद ठेवला आहे. अनुसूची 2 मधील प्राणी उभ्या पिकास धोकादायक झाल्याची खात्री पटल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. नीलगाय या अनुसूचीत मोडते. मात्र ही परवानगी विनिर्दिष्ट क्षेत्रापुरतीच असते, आणि नेमकी येथेच गफलत होते.

समजा, एका शेतकऱ्यास स्वतःच्या शेतापुरता आदेश मिळाला. पहिल्या बाराबरोबर कळप उधळतो व बांध ओलांडून शेजारच्या गव्हात शिरतो. बंदूकधाऱ्याचा अधिकार मात्र बांधापाशीच संपतो. शेजाऱ्याने तोंडी होकार दिला, तरी तो लेखी आदेशाची जागा घेऊ शकत नाही. जखमी जनावर पलीकडे जाऊन पडल्यास वन कर्मचाऱ्यांस तत्काळ कळवावे. मारलेले जनावर कलम 39 प्रमाणे शासनाची मालमत्ता ठरते. ते ताब्यात आल्यापासून 48 तासांच्या आत पोलीस ठाण्यास किंवा प्राधिकृत अधिकाऱ्यास वर्दी द्यावी लागते. मांसाची वाटणी हा गुन्हाच होय.

शेजाऱ्याची तक्रारही रास्त असते. काल ज्याच्या शेतात उपद्रव नव्हता, त्याच्या गव्हाची आज नासधूस होते. मग रागाच्या भरात कोणी कुंपणात वीज सोडतो, कोणी विष घालतो. त्यात नीलगायीबरोबर गुरेढोरे आणि माणसेही सापडतात. शिवाय नीलगाय पुष्कळदा जुळी पाडसे देते. चार-दोन जनावरे मारली, तरी चारा असेपर्यंत आसपासच्या झुडपांतून दुसरी येऊन त्यांची जागा घेतात. म्हणून एकट्याने अर्ज करण्यापेक्षा शिवारातील सर्व खातेदारांनी नुकसानीच्या पंचनाम्यांसह एकत्र अर्ज करणे अधिक उपयोगी. अधिनियमात ‘प्राणी किंवा प्राण्यांचा गट’ असेच शब्द असल्याने त्यास अडचण नाही.

काळविटाची गोष्ट वेगळी. तो अनुसूची 1 मध्ये असल्याने पीक खाल्ले एवढ्यावरून त्यास मारण्याची परवानगी मिळत नाही. त्यास पकडून हलविणे हाच मार्ग उरतो. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शाजापूर भागात हेलिकॉप्टरने कळप हाकून नरसाळ्याच्या आकाराच्या कोंडवाड्यात घेण्यात आले. या कोंडवाड्यास ‘बोमा’ म्हणतात. त्या मोहिमेत 846 काळविटे व 67 नीलगायी पकडून गांधीसागर, कुनो आदी ठिकाणी सोडण्यात आल्या. हा कळप कोणा एकाच्या बांधावरून नव्हे, तर अनेक गावांच्या शिवारातून एकदम उचलला गेला.