ऐकणाऱ्यांचं दौंड

दौंड म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाला आधी आठवतं ते रेल्वेचं जंक्शन. मनमाडकडं जाणारी गाडी, सोलापूरकडं जाणारी गाडी, बारामतीचा फाटा, अपरात्री फलाटावर मिळणारा वाफाळता चहा आणि भीमेवरून येणारा गार वारा. नोकरीच्या निमित्तानं आधी शिरूरला आणि मग दौंडला माझी काही वर्षं गेली. दौंडची ओळख मलाही तेवढीच होती. याच दौंडच्या माळावर १९२७ साली साऱ्या हिंदुस्थानच्या वतीनं विलायतेचा आवाज ऐकणारा एक कान उभा राहिला होता, हे मला निवृत्तीनंतर, जुनी पुस्तकं चाळताना कळलं.

त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत गावाचं नाव ‘धोंड’ असं येतं. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी इंग्लंडच्या राजाशी, पंचम जॉर्ज यांच्याशी, बिनतारी संदेशांची देवघेव करून या सेवेचं उद्घाटन केलं. इथून संदेश पाठवण्याचं केंद्र पुण्याजवळ खडकीला होतं आणि तिकडून येणारे संदेश घेण्याचं केंद्र दौंडला. योगायोग असा की त्याच दिवशी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या रेडिओ केंद्राचं उद्घाटनही आयर्विन यांच्याच हस्ते झालं. तो २३ जुलै आपण आजही राष्ट्रीय प्रसारण दिन म्हणून पाळतो. बोलणाऱ्यांचा दिवस लक्षात राहिला, ऐकणाऱ्यांचं गाव विसरलं गेलं. जगाची रीतच तशी आहे म्हणा! सभा गाजवणाऱ्याला हार पडतात. शेवटच्या रांगेत बसून शब्द न् शब्द टिपून घेणाऱ्याला कोण विचारतो?

बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासातही हेच झालं. मार्कोनीचं नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. पण दौंडचा कान ज्याच्या डोक्यातून निघाला त्या चार्ल्स सॅम्युअल फ्रँकलिन या विद्युत अभियंत्याचं नाव किती जणांनी ऐकलं असेल? त्याचा जन्म लंडनचा, १८७९ सालचा. फिन्सबरीच्या तंत्रशिक्षण महाविद्यालयात शिकून १८९९ साली तो मार्कोनी कंपनीत रुजू झाला आणि १९३९ साली तिथूनच निवृत्त झाला. चाळीस वर्षं एकच नोकरी. माझ्यासारख्या बँकवाल्याला या गोष्टीचं वेगळं अप्रूप वाटतं. ना कुठं भाषण, ना स्वतःची कंपनी. पण त्याच्या नावावर साठाहून अधिक पेटंटं आहेत.

आपल्या पिढीनं त्याची करामत हाताळलेली आहे. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचं मागचं झाकण उघडलं की पत्र्याच्या अर्धगोल पाकळ्या दिसायच्या. बाहेरचं बटण फिरवलं की त्या एकमेकींत सरकत जायच्या, काटा हलायचा आणि सिलोन जाऊन विविध भारती लागायचं. रेडिओ दुरुस्त करणारे त्याला ‘गँग’ म्हणत. हवेत एकाच वेळी शेकडो केंद्रांच्या लहरी असतात. त्यातली आपल्याला हवी तेवढीच निवडायची आणि बाकीच्यांना दाराबाहेर ठेवायचं, हे या पाकळ्यांचं काम. असा फिरता कंडेन्सर त्यानं १९०२ साली केला, तर अनेक कंडेन्सर एकाच दांड्यावर बसवून एकदम फिरवण्याची युक्ती १९०७ साली. पुढं १९१३च्या सुमारास त्यानं आणखी एक गोष्ट साधली. व्हॉल्व्हमधून बाहेर आलेल्या संदेशाचा थोडा भाग पुन्हा आत सोडायचा, म्हणजे क्षीण संदेशही कितीतरी मोठा होतो. त्याच सुमारास अमेरिकेत आर्मस्ट्राँग आणि जर्मनीत माइसनर याच वाटेनं चालले होते. शोधांचं असंच असतं. आंब्याला मोहोर येतो तेव्हा तो एकाच झाडाला येत नाही.

या ऐकण्याच्या कलेत आपला वाटाही मोठा आहे. जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात बसून लहरी टिपणारी अत्यंत संवेदनशील साधनं तयार केली होती. गॅलेना या खनिजाचा स्फटिक वापरणाऱ्या त्यांच्या साधनाला १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळालं. आवाज पाठवायला ताकद लागते, पण तो टिपायला लागतो नाजूकपणा. बोस आणि फ्रँकलिन हे दोघंही त्या नाजूकपणाचे कारागीर.

आता दौंडकडं येऊ. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश साम्राज्याला आपल्या सगळ्या वसाहती बिनतारी यंत्रणेनं जोडायच्या होत्या. तोवरची समजूत अशी, की लांब जायचं तर लांब लहरी हव्यात, अफाट वीज हवी आणि गगनाला भिडणारे खांब हवेत. इंग्लंडमध्ये रग्बी इथं १९२६ साली सुरू झालेल्या केंद्राचे बारा खांब प्रत्येकी ८२० फूट उंच होते. लांब लहरींच्या या वाटेवर जगाला नेणारा मार्कोनीच. पण १९१६ साली इटलीत त्यानं आणि फ्रँकलिननं उलट दिशेनं प्रयोग सुरू केले. लहर आखूड घ्यायची, आणि ती चहूकडं उधळून देण्याऐवजी विजेरीच्या झोतासारखी एकाच दिशेला वळवायची. १९२३ साली फ्रँकलिन इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोल्धू इथं यंत्रापाशी राहिला आणि मार्कोनी आपली ‘इलेत्रा’ बोट घेऊन थेट केप व्हर्द बेटांपर्यंत गेला. संदेश ऐकू येतच राहिले. मे १९२४ मध्ये पोल्धूहून बोललेले शब्द ऑस्ट्रेलियात सिडनीला ऐकू आले. दोनच महिन्यांत ब्रिटिश टपाल खात्यानं मार्कोनी कंपनीशी करार केला : कॅनडा, दक्षिण आफ्रिका, हिंदुस्थान आणि ऑस्ट्रेलिया यांना जोडणारी ‘बीम’ केंद्रं उभारायची. अट कडक होती. मिनिटाला शंभर शब्द, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी. आणि हिंदुस्थानशी दिवसाचे सरासरी बारा तास.

एकाच वेळी बोलायचं आणि ऐकायचं, यात दौंडच्या निवडीचं कारण आहे. शेजारी ढोल वाजत असताना लांबच्या माणसाची कुजबूज ऐकू येत नाही. विलायतेहून सुमारे सात हजार किलोमीटर प्रवास करून आलेली लहर इतकी अशक्त झालेली असते, की जवळच आपलाच प्रक्षेपक गर्जत असेल तर ती बुडून जावी. म्हणून ढोल खडकीला ठेवला आणि कान रेल्वेनं पाऊणशे किलोमीटर दूर, दौंडला नेला. इंग्लंडमध्येही तीच पद्धत होती. हिंदुस्थानसाठीचं प्रक्षेपण ग्रिम्सबीजवळ, तर ग्रहण स्केग्नेसजवळ.

फ्रँकलिनच्या कानाची रचना मोठी देखणी. उंच पोलादी खांबांची एक रांग, त्या रांगेत पडद्यासारख्या टांगलेल्या उभ्या तारा, आणि त्यांच्यामागं तसाच तारांचा दुसरा पडदा. मागचा पडदा आरशासारखा, येणारी लहर पुन्हा पुढं ढकलणारा. सगळी रांग इंग्लंडच्या रोखानं, म्हणजे आपल्याकडून वायव्येला तोंड करून. एकेका तारेत उतरणारी वीज अगदी नगण्य. पण त्या सगळ्या तारांमधली वीज एकाच ठेक्यात यंत्रापर्यंत पोचली की तिची बेरीज होते. याच दौंड तालुक्यातून, यवत-वरवंडवरून, दरवर्षी तुकोबांची पालखी जाते. दिंडीतला एकटा टाळ दहा पावलांवर विरून जातो. शेकडो टाळ एका ठेक्यात पडले की पलीकडच्या शिवारातला माणूस काम थांबवून वळून बघतो. आणि ठेका चुकला तर नुसता गलका. फ्रँकलिनचं सगळं कसब हा ठेका राखण्यात होतं. त्यासाठी प्रत्येक तारेपासून यंत्रापर्यंतची वाट सारख्या लांबीची हवी आणि वाटेत काही सांडायला नको. ही वाट त्यानं तांब्याच्या नळीत दुसरी नळी बसवून केली. एकात एक वाहकांची मूळ कल्पना हेविसाइडची, १८८० सालची. फ्रँकलिननं तिला एरिअलच्या कामाला जुंपलं. आपल्या टीव्हीला छपरावरून येणारी जाड गोल केबल ही तिचीच धाकटी बहीण.

दौंडला उतरलेला संदेश दौंडमध्ये थांबत नसे. तो तारेवरून तसाच मुंबईच्या कचेरीत जाई. त्यात कापसाचे भाव असत, सरकारी हुकूम असत, पेढ्यांचे व्यवहार असत. आसपासच्या खेड्यांत तेव्हा विजेचा दिवासुद्धा नव्हता. भीमाकाठच्या शेतकऱ्याच्या डोक्यावरून लंडन बोलत होतं आणि त्याला त्यातला एक शब्दही मिळत नव्हता. साम्राज्यानं आपल्या सोयीसाठी बांधलेला हा कान होता, हे विसरून चालणार नाही. तरीही समुद्रतळाच्या तारेपेक्षा ही सेवा स्वस्त होती. १८७० पासून मुंबई-लंडन वाहतूक करणाऱ्या तारकंपन्यांचं धाबं इतकं दणाणलं, की १९२८ साली खास परिषद भरवून १९२९ साली तार आणि बिनतार यांना एकाच कंपनीत बांधावं लागलं. स्वस्त आणि सरस माल आला की जुन्या पेढीला वाचवण्यासाठी नव्या पेढीचं लग्न तिच्याशी लावायचं, ही युक्ती बँकेतही मी पाहिलेली आहे.

१९३३ साली भारत-इंग्लंड टेलिफोनही बिनतारी सुरू झाला. १ जानेवारी १९४७ रोजी ही सगळी व्यवस्था सरकारनं ताब्यात घेतली आणि ती ‘ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस’ झाली. तिचीच पुढं १९८६ साली विदेश संचार निगम झाली.

ऐकण्यातल्या जबाबदारीची मला जाणीव झाली ती शिरूरच्या शाखेत. त्या काळी पैसे तातडीनं पाठवायचे तर टी. टी., म्हणजे तारेनं. तारेत रकमेबरोबर एक गुप्त आकडा असे. तो कपाटातल्या संकेतपुस्तकावरून ताडून पाहायचा आणि जुळला तरच पैसे द्यायचे. एकदा न्हावऱ्याकडची एक म्हातारी सकाळपासून बाकावर बसून होती. सून पुण्याला इस्पितळात, मुलानं मुंबईहून पैसे पाठवलेले. तार आली, पण आकडा जुळेना. वाटेत कुठं तरी एक अंक बदलला होता. आम्ही ट्रंक कॉल लावला. लाइन मिळायला दुपार उलटली. फोनवर ओरडून ओरडून आकडा पुन्हा विचारून घेतला आणि शेवटी पैसे तिच्या हातात दिले. “साहेब, एवढ्याशा आकड्यासाठी दिवस गेला की,” एवढंच ती म्हणाली. पाठवणारा पाठवून मोकळा झालेला असतो. बरोबर ऐकलं की नाही, याचा भार घेणाऱ्याच्या शिरावर असतो. दौंडच्या यंत्रापाशी रात्रपाळी करणाऱ्यांनी हा भार वर्षानुवर्षं वाहिला असणार. २०१३च्या जुलैत आपली तारसेवा बंद झाली तेव्हा मला ती म्हातारी आठवली आणि तो आकडाही.

शॉर्टवेव्हचे दिवस उपग्रहांनी मागं टाकले, पण ऐकण्याचं काम याच पुणे जिल्ह्यात राहिलं. शिरूरला लागूनच असलेल्या जुन्नर तालुक्यात आर्वी इथं १९७१ साली उपग्रहाशी बोलणारं भूकेंद्र सुरू झालं. त्याच तालुक्यात खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांनी महाकाय रेडिओ दुर्बीण उभी केली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, आणि त्यांत भरीव पत्रा नाही; पोलादी दोरांवर ताणलेली बारीक तारांची जाळी. त्यामुळं वजन घटलं, वारा आरपार जाऊ लागला आणि खर्च आवाक्यात आला. तीस तबकड्यांनी टिपलेलं एकत्र करून एक मोठा कान करायचा, हे सूत्र दौंडच्या पडद्याच्या गोत्रातलंच. जागा निवडताना शांतता पाहिली, हेही तसंच. फरक एवढाच, की दौंडचा कान एका राज्यकर्त्याचं ऐकत होता आणि खोडदचा कान अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरींचं ऐकतो. तोही आपल्याच देशातल्या माणसांनी, आपल्या बुद्धीनं बांधलेला.

आज खिशातल्या फाइव्ह-जी फोनसाठी टॉवरवरचे अनेक छोटे अँटेना एका ठेक्यात चालवून लहरीचा झोत आपल्याकडं वळवतात. अभियांत्रिकीची मुलं त्याला बीमफॉर्मिंग म्हणतात. त्यांतली कितीतरी मुलं शिरूर, दौंड, बारामतीकडून पुण्याच्या कॉलेजांत शिकायला येतात. हा धडा आपल्याच तालुक्यात १९२७ साली गिरवला गेला होता, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. फ्रँकलिन १९६४ साली गेला. त्याचं नाव ठाऊक नसलं तरी मुलांचं अडणार नाही. पण आपलं गाव फक्त गाड्या बदलण्याचं ठिकाण आहे असं समजून मोठं होणं वेगळं, आणि एके काळी या मातीत उभं राहून माणसांनी सात हजार किलोमीटरवरचं ऐकलं होतं हे ठाऊक असणं वेगळं. तालुक्याच्या शाळांनी वर्षातून एक तास या गोष्टीला द्यावा. फार खर्च येणार नाही. एक फळा, थोडी तार, एखादा जुना रेडिओ आणि ऐकायला बसलेली मुलं एवढं पुरेल.