ग्रंथ कपाटात आहे, पण तालिकेत सापडतो का?

सन १६१६ मध्ये सासष्टीतील राशोल, म्हणजेच रायतूर, येथे एक विस्तृत ओवीबद्ध ग्रंथ छापला गेला. त्याची भाषा मराठी, लिपी रोमन आणि कर्ता १५७९ मध्ये गोव्यात आलेला एक इंग्रज जेज्वीट धर्मगुरू. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हा ग्रंथ आज ‘ख्रिस्तपुराण’ या नावाने ओळखला जातो. सतराव्या शतकातील त्याची छापील प्रत आज ज्ञात नाही. मात्र हस्तलिखितांवरून सिद्ध केलेली रोमन लिपीतील आवृत्ती १९०७ मध्ये मंगळूरला निघाली, शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाली, पुढे १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांनी नवी आवृत्ती संपादित केली आणि त्यानंतर इंग्रजी अनुवादही झाला.

एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थिनी या ग्रंथाच्या शोधात ग्रंथालयात आली आणि तिने संगणकावर ‘ख्रिस्तपुराण’ असा शब्द टंकलिखित केला, तर तिला काय दिसेल? देवनागरी आवृत्तीची नोंद समोर येईल. रोमन आवृत्तीची नोंद रोमन अक्षरांतच केली असेल, तर ती दिसणार नाही. एखाद्या नोंदीत ‘क्रिस्तपुराण’ असे लिहिले असेल, तर तीही निसटेल. कर्त्याच्या नावाने शोध घ्यावा, तर एके ठिकाणी ‘थॉमस स्टीफन्स’, दुसऱ्या ठिकाणी ‘फादर स्टीफन’ आणि पोर्तुगीज ग्रंथांत ‘तोमाश इश्तेव्हांव’. चारही पुस्तके त्याच इमारतीत, कदाचित एकाच मजल्यावर असतील. पण विद्यार्थिनी एकच पुस्तक घेऊन घरी जाईल आणि ग्रंथालयात एवढेच आहे, असे समजेल. पुस्तक हरवण्याचा हा प्रकार वाळवीइतकाच घातक आहे. वाळवी लागलेली निदान दिसते तरी!

यादी आणि तालिका

ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची दाखल नोंदवहीत नोंद होते. ती मालमत्तेची यादी असते. ग्रंथतालिकेचे काम याहून वेगळे आहे. चार्ल्स कटर या अमेरिकी ग्रंथपालाने १८७६ मध्ये ते नेमक्या शब्दांत मांडले. कर्ता, शीर्षक किंवा विषय यांपैकी एक गोष्ट ठाऊक असलेल्या वाचकाला पुस्तक शोधता आले पाहिजे. एका लेखकाची किंवा एका विषयावरची कोणकोणती पुस्तके ग्रंथालयात आहेत, हे त्याला एकत्र दिसले पाहिजे. आणि उपलब्ध आवृत्त्यांतून आपल्याला हवी ती निवडता आली पाहिजे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी ‘वाचकाचा वेळ वाचवा’ या चौथ्या सूत्राचा रोख याच दिशेने आहे.

संगणक आल्यावर हे काम आपोआप होईल, अशी समजूत पसरली. प्रत्यक्षात संगणक अक्षरे जुळवतो. दोन नावे एकाच माणसाची आहेत, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. ते सांगण्याचे शास्त्र म्हणजे तालिकीकरण.

कृती एक, पुस्तके अनेक

ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात चार पायऱ्या कल्पिल्या आहेत. पहिली पायरी कृतीची, म्हणजे लेखकाच्या प्रतिभेतून उतरलेल्या मूळ रचनेची. दुसरी तिच्या आविष्काराची : मूळ मराठी संहिता हा एक आविष्कार, इंग्रजी अनुवाद हा दुसरा. तिसरी पायरी विशिष्ट आवृत्तीची, जसे की १९५६ चे पुण्याचे प्रकाशन. चौथी पायरी कपाटात ठेवलेल्या, दाखल क्रमांक असलेल्या एका प्रतीची.

वाचक बहुधा पहिल्या पायरीवरून विचारतो आणि ग्रंथालय चौथ्या पायरीवरून उत्तर देते. मधल्या दोन पायऱ्या जोडण्यासाठी ‘एकरूप शीर्षक’ योजले जाते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर काहीही छापलेले असो, प्रत्येक आवृत्तीच्या नोंदीत ‘ख्रिस्तपुराण’ हे ठरलेले शीर्षकही लिहायचे. मग एका शोधात सर्व आवृत्त्या ओळीने उभ्या राहतात आणि कोणती रोमन, कोणती देवनागरी, कोणती अनुवादित, हे वाचकाला तिथेच कळते.

नावांचा गुंता

मराठीत टोपणनावांची परंपरा समृद्ध आहे आणि तालिकाकारासाठी तितकीच अवघड. कविता कुसुमाग्रजांची आणि ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांचे, कविता आरती प्रभूंची आणि कादंबऱ्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या. जाणकार वाचकाला ही जोड्यांची ओळख असते, नवख्याला नसते. ‘कळ्यांचे निःश्वास’ या १९३३ मधील पुस्तकाने खळबळ उडवणाऱ्या विभावरी शिरूरकर जन्मनावाने बाळूताई खरे होत्या आणि विवाहानंतर मालती बेडेकर झाल्या. तीन नावांखाली तीन स्वतंत्र नोंदी राहिल्या, तर एका लेखिकेचे आयुष्यभराचे काम तीन अनोळखी बायकांत वाटले जाते.

गोव्यात या गुंत्याला आणखी एक पदर आहे. पोर्तुगीज अमदानीतील कागदपत्रांत ‘प्रभू’चे ‘पोरोबो’, ‘शेणै’चे ‘सिनाय’ आणि ‘कामत’चे ‘कामोतिं’ झाले. त्यामुळे एकाच घराण्यातील, किंबहुना एकाच व्यक्तीचे लेखन भाषेनुसार वेगवेगळ्या आडनावांखाली विखुरलेले असू शकते.

यावरचा उपाय म्हणजे ‘प्रमाण नावांची सूची’. प्रत्येक लेखकासाठी एक नाव मुख्य ठरवायचे, शक्य तेथे जन्म-मृत्यूची वर्षे जोडायची आणि इतर सर्व नावांखाली ‘पाहा’ अशी खूण ठेवायची. ‘मालती बेडेकर’ शोधणाऱ्याला ‘विभावरी शिरूरकर पाहा’ असा निर्देश मिळाला की त्याची पायपीट थांबते. दोन्ही नावे तितकीच रूढ असतील, तर दोन्ही नोंदी कायम ठेवून ‘हेही पाहा’ असे परस्परांकडे बोट दाखवायचे. जुन्या तालिकापत्रांच्या लाकडी खणांत हे निर्देश स्वतंत्र पत्रावर लिहिलेले असत. संगणकीय तालिकेत ते पडद्यामागे राहतात आणि कोणतेही नाव टंकले तरी सर्व पुस्तके दाखवतात. अर्थात ती सूची आधी कोणीतरी भरलेली असेल तरच.

लिपी आणि लेखन

मराठी महामंडळाने सुचवलेले आणि शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेले शुद्धलेखनाचे नियम रूढ होण्यापूर्वी ‘काही’ हा शब्द ‘कांहीं’ असा, ‘गाव’ हा ‘गांव’ असा छापला जाई. मुखपृष्ठावर आहे तसेच शीर्षक उतरवणे हा तालिकीकरणाचा नियम असल्याने नोंदीत ‘गांव’ राहतो. आजचा वाचक मात्र ‘गाव’ असेच टंकतो. ‘निःश्वास’ या शब्दातील विसर्गाच्या जागी पुष्कळदा टंकलेखक विरामचिन्हातील दोन टिंबे देतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला ते दोन निराळे शब्द वाटतात. पोर्तुगीजचेही असेच आहे. त्या भाषेचे लेखननियम १९११ मध्ये बदलले, त्यामुळे पूर्वीच्या आणि नंतरच्या पुस्तकांत तोच शब्द वेगळ्या अक्षरांनी लिहिलेला आढळतो.

येथे मूळ शीर्षकाला हात लावण्याचे कारण नाही. छापील रूप जसेच्या तसे ठेवून त्याच नोंदीत प्रचलित रूप ‘पर्यायी शीर्षक’ म्हणून जोडावे लागते. ‘मार्क’ हा संगणकीय नोंदींचा जगभर वापरला जाणारा साचा विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात अमेरिकेत घडला. त्यात एकच शीर्षक दोन लिप्यांत शेजारी-शेजारी नोंदवण्याची सोय आहे. देवनागरी आणि रोमन या दोन्ही लिप्यांत मजकूर भरला, तर दोन्हीकडचे वाचक एकाच पुस्तकापाशी पोहोचतात.

या सोयीची गरज गोव्याइतकी क्वचितच कुठे असेल. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते. आज त्याला ज्या कृष्णदास शामा यांचे नाव आहे, त्यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या जुन्या कोकणी गद्यकथाच मुळी पोर्तुगालमधील ब्रागा येथे रोमन लिपीतील हस्तलिखितांत जपल्या गेल्या आहेत.

विषयाला कोणता शब्द?

लेखक किंवा शीर्षक ठाऊक नसलेला वाचक विषयाने शोधतो. गावातील सामाईक जमिनींच्या व्यवस्थेवर वाचू इच्छिणारा कोणी ‘गावकारी’ म्हणेल, कोणी ‘कोमुनिदाद’. खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या शेतीला स्थानिक शब्द ‘खाजन’ आहे. बाहेरून आयात केलेल्या विषयसूचीत तो असेलच असे नाही. मग ते पुस्तक नुसत्या ‘शेती’ या शीर्षकाखाली जाते आणि शेकडो पुस्तकांत दडून बसते. म्हणून ठरावीक विषयसूचीला स्थानिक शब्दांची पुरवणी जोडणे आणि समानार्थी शब्दांना ‘पाहा’ निर्देश देणे, हे प्रदेशातील ग्रंथपालांनाच करावे लागते. दूरच्या तज्ज्ञाला खाजन आणि कुळागर यांतला फरक कसा कळावा?

लहान ग्रंथालयांनी काय करावे?

या कामासाठी मोठा खर्च लागत नाही. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली ‘कोहा’ ही संगणकप्रणाली विनामूल्य आहे आणि प्रमाण नावे, पर्यायी शीर्षके, समांतर लिपी यांची सोय तीत आहे. मराठी पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांनी सिद्ध केलेल्या ‘मराठी ग्रंथसूची’चा भक्कम आधार आहे. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यात १९३८ ते १९५० या काळातील ग्रंथांची नोंद आहे. जुन्या पुस्तकाचा कर्ता किंवा प्रकाशनवर्ष याविषयी शंका आली, तर आधी तेथे पाहावे.

सगळ्या नोंदी एकदम सुधारण्याचा संकल्प बहुधा अर्ध्यावर सुटतो. त्याऐवजी ज्यांची पुस्तके सर्वाधिक मागितली जातात असे शंभर लेखक निवडून त्यांची प्रमाण नावे आधी ठरवावीत. मग स्थानिक लेखक, मग स्थानिक विषय. देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवावी आणि वाचकाने शोधूनही न सापडलेला शब्द, त्याने लिहिला त्याच अक्षरांत, तीत टिपावा. पुस्तक प्रत्यक्षात कपाटात होते, असे आढळले की तो शब्द त्याच दिवशी नोंदीत जोडावा. एका ग्रंथालयाने केलेली नावांची सूची शेजारच्या ग्रंथालयाला दिली, तर तेच काम दोनदा करावे लागणार नाही.

आणखी एक जबाबदारी वाचकांची. घराण्यातील एखाद्या लेखकाची टोपणनावे, आजीचे माहेरचे नाव, आडनावाचे जुने पोर्तुगीज रूप ही माहिती अनेकदा कुटुंबातच असते आणि पिढीबरोबर जाते. ग्रंथपालाला ती कागदावर लिहून देण्यास पाच मिनिटे लागतात. त्या कागदावरून तयार होणारी एक ‘पाहा’ नोंद पन्नास वर्षांनंतरच्या वाचकाला त्या लेखकाच्या पुस्तकापर्यंत नेऊ शकते.