कोळशाचे व्याज आणि कलेचा हक्क

कलेच्या आधाराविषयी बोलताना आपल्या भाषेत दोन शब्द सहज ओठांवर येतात : राजाश्रय आणि लोकाश्रय. एकात दात्याची मर्जी, दुसऱ्यात प्रेक्षकांची गर्दी. परंतु जिथे राजा नाही आणि गर्दीही नाही, तिथे कलेने कोणाच्या आधारावर उभे राहावे? अमेरिकेतील मोंटाना या ग्रामीण राज्याने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते आपण स्थलांतरितांनी बारकाईने पाहावे असे आहे.

मोंटानाचे क्षेत्रफळ सुमारे 3 लाख 80 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून मोठे. लोकसंख्या मात्र 2020 च्या जनगणनेनुसार 10 लाख 84 हजार, म्हणजे महाराष्ट्राच्या शंभराव्या हिश्शाइतकीही नाही. अशा प्रदेशात तिकीटविक्रीवर नाटक मंडळी जगू शकत नाही. एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचा खर्चच तिकिटांच्या उत्पन्नाला गिळून टाकतो.

या राज्याला आणखी एक जुनी जखम होती. ब्यूट शहराच्या पोटातून दशकानुदशके तांबे निघाले. श्रीमंती बाहेर गेली आणि मागे राहिले खड्डे व विषारी पाणी. म्हणून 1970 च्या दशकात पूर्वेकडील कोळसा मोठ्या प्रमाणावर खणला जाऊ लागला, तेव्हा राज्याने वेळीच पाऊल उचलले. 1975 मध्ये कोळशाच्या उत्खननावर 30 टक्क्यांपर्यंत कर बसवण्यात आला. कंपन्या न्यायालयात गेल्या; 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर वैध ठरवला. दरम्यान 1976 मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती होऊन या कराचा मोठा हिस्सा कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचे बंधन आले. विचार साधा होता : कोळसा एकदाच निघतो, म्हणून त्याचा पैसा एकाच पिढीने खाऊन टाकू नये.

या कराचा एक लहानसा अंश कलेसाठी वेगळा काढला गेला. आजच्या कायद्यानुसार तो 0.63 टक्के आहे. राज्याच्या विधानभवनातील कलाकृतींचे जतन आणि अन्य सांस्कृतिक प्रकल्प, हा त्याचा हेतू कायद्यातच नोंदलेला आहे. मुद्दल राखायचे आणि व्याजातून अनुदाने द्यायची, अशी ही व्यवस्था. अर्जांची छाननी 16 जणांची सल्लागार समिती करते. त्यांतील निम्मे सदस्य राज्याची कला परिषद नेमते, निम्मे राज्याची इतिहास संस्था. समितीच्या शिफारशी विधिमंडळापुढे 'हाउस बिल 9' या विधेयकाच्या रूपाने येतात. छोट्या गावातील संग्रहालयाची वा वाद्यवृंदाची प्रतिनिधी लोकप्रतिनिधींच्या समितीसमोर उभी राहून आपली बाजू मांडते. इथे दात्याचे आभार मानायचे नसतात. हिशेब द्यायचा असतो आणि मागायचाही असतो.

सार्वजनिक आणि खासगी मदतीच्या अशा आधारावर काय उभे राहते, याचे सुंदर उदाहरण म्हणजे 'मोंटाना शेक्सपिअर इन द पार्क्स'. 1973 मध्ये बोझमन येथील राज्य विद्यापीठात सुरू झालेली ही मंडळी दर उन्हाळ्यात गावोगाव फिरते आणि मोकळ्या आकाशाखाली विनामूल्य प्रयोग करते. बर्नी या अगदी चिमुकल्या वस्तीजवळच्या टेकडीवरही तिचे प्रयोग झाले आहेत. तिथे पशुपालक कुटुंबे मैलोन्‌मैल गाडी चालवून येतात. कला शहराची मिरास नाही, हे भाषणाने नव्हे तर अशा दौऱ्यांनी सिद्ध होते.

तरीही या व्यवस्थेचे गुणगान करून थांबता येणार नाही. 1997 मध्ये विधिमंडळानेच या सांस्कृतिक निधीच्या मुद्दलाला हात घातला आणि सुमारे 39 लाख डॉलर व्हर्जिनिया सिटी व नेवाडा सिटी ही ऐतिहासिक वसतिस्थाने विकत घेण्यासाठी वापरले. हेतू वाईट नव्हता. पण मुद्दल घटले की व्याज घटते, आणि त्याची झळ लहान गावांतील लहान संस्थांना लागते. दुसरा प्रश्न अधिक खोल आहे : कोळसा कोणाचा? क्रो या आदिवासी राष्ट्राने आपल्या मालकीच्या कोळशावर राज्याने कर लावण्यास न्यायालयात आव्हान दिले आणि 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूचा निर्णय कायम केला. ज्या जमिनीतून पैसा निघतो, तिच्या मूळ लोकांचा वाटा कोणता, हा प्रश्न कलेच्या अनुदानालाही चुकत नाही.

केंद्रीय पातळीवर 1965 च्या कायद्याने 'नॅशनल एन्डोमेंट फॉर द आर्ट्स' स्थापन झाले. त्याच्या अनुदान निधीपैकी 40 टक्के रक्कम राज्यांच्या व प्रादेशिक कलासंस्थांकडे जाते. विरळ वस्तीच्या राज्यांना ही रक्कम किती मोलाची, हे सांगायला नको. 2025 च्या मे महिन्यात देशभरातील अनेक संस्थांची मंजूर अनुदाने अचानक मागे घेण्यात आली आणि ही संस्थाच बंद करण्याचा प्रस्ताव अंदाजपत्रकात मांडला गेला. मोठ्या शहरातील संग्रहालयाला दुसरा दाता सापडतो. शे-पाचशे वस्तीच्या गावाला तो सापडत नाही.

आपल्यापैकी अनेक जण अशाच राज्यांत, विद्यापीठांच्या छोट्या शहरांत राहतात. आपले कार्यक्रम आजवर वर्गणीवर झाले. त्या वर्गणीत स्वाभिमान आहे आणि तो टिकवलाच पाहिजे. पण आपण या देशात कर भरतो, आणि त्या करातून जाणारे अनुदान ही भीक नव्हे. ते मिळवण्याच्या वाटेत अडथळे आहेत. संस्था नोंदणीकृत लागते. बहुतेक ठिकाणी मिळणाऱ्या प्रत्येक डॉलरसमोर आपला एक डॉलर दाखवावा लागतो; स्वयंसेवकांच्या श्रमाचे मूल्य त्यात किती धरायचे, याचे नियम असतात. वंदना वा धार्मिक विधीसाठी हा पैसा सामान्यतः मिळत नाही. सर्वांना खुला असलेला जलसा, चित्रप्रदर्शन वा लोकवाद्यांची कार्यशाळा मात्र पात्र ठरू शकते. अर्ज इंग्रजीत, मुदतीत आणि नेमक्या शब्दांत लिहावा लागतो. इथेच खरी विषमता आहे : ज्याला अर्जाची भाषा येते, त्याचीच कला 'कला' म्हणून नोंदली जाते. ढोलकी आणि डफ त्या नोंदीत आपोआप येणार नाहीत.

आपल्यात संगणकाची किचकट निविदा रात्रीत तयार करणारे शेकडो हात आहेत. त्यांतील काही हातांनी आपल्या राज्याच्या कला परिषदेचे नियम वाचावेत, तिच्या उघड्या बैठकांना बसावे, परीक्षक मंडळासाठी नावे द्यावीत. शेजारच्या आदिवासी, लॅटिनो वा कृष्णवर्णीय कलासंस्थेला अर्जाची भाषा अवघड जात असेल, तर तिच्या अर्जालाही हात लावावा. वर्गणीची वही चालूच राहील. तिच्या शेजारी अर्जाची फाइलही असू द्या.