सेतूचा दाखला आणि पिवळं प्रश्नचिन्ह

अॅडमिशनचे दिवस आठवा. उत्पन्नाच्या दाखल्याची पीडीएफ मोबाइलवर आली, कॉम्प्युटरवर उघडली आणि सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह! आमच्या घरी बाबांचा चेहराच पडला होता. "नकली तर नाही ना हा?" मी भंडाऱ्यात झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढली, कॉलेजात दिली आणि मोकळी झाले. इंटर्नशिपमध्ये या विषयात शिरले तेव्हा कळलं, कॉलेजात मी नुसता कागद दिला होता. सही तर मोबाइलमधल्या फाइलमध्येच राहिली होती!

कारण डिजिटल सही म्हणजे सहीचा फोटो नाही, तो हिशेब आहे. अधिकाऱ्याकडे पेनड्राइव्हसारखं दिसणारं टोकन असतं. सगळे त्याला 'डोंगल' म्हणतात. आत स्मार्टकार्डाचीच चिप असते आणि त्या चिपमध्ये खासगी किल्ली. ही किल्ली चिपच्या बाहेर येत नाही, अगदी मालकालाही दिसत नाही.

पायथॉन येत असेल तर हे स्वतः करून बघा. डोंगल नसलं तरी अडत नाही, 'सॉफ्टएचएसएम' नावाचं फुकट सॉफ्टवेअर डोंगलचं सोंग घेतं. मी एका फाइलमध्ये 'उत्पन्न 90000' एवढंच लिहिलं. एसएचए-256 ने तिचा 32 बाइटचा ठसा काढला. मग पिन टाकून किल्ली मागितली. गंमत म्हणजे कोडच्या हातात किल्ली येतच नाही, येतो फक्त तिचा पत्ता. ठसा आत पाठवायचा, सही बाहेर येते. 2048 बिटची आरएसए किल्ली असेल तर सही बरोबर 256 बाइटची. पडताळणीला पिन लागत नाही, सार्वजनिक किल्ली पुरते आणि ती प्रमाणपत्रातच असते. पास! मग 9 चा 8 केला. नापास. एका आकड्यात खेळ खलास.

मग ते प्रश्नचिन्ह कशाचं? बहुतेक वेळा कारण साधं असतं. आपल्या देशात अधिकाऱ्याला प्रमाणपत्र देते परवानाधारक संस्था आणि तिच्या डोक्यावर असतो केंद्र सरकारचा प्रमाणन प्राधिकरण नियंत्रक, म्हणजे सीसीए. तुमच्या पीडीएफ रीडरला हा सीसीए ओळखीचा नसेल तर तो म्हणतो, "कोण हे, माहीत नाही." सीसीएच्या अधिकृत साइटवरून मूळ प्रमाणपत्र घेऊन रीडरमध्ये टाकलं की ओळख पटते. यूट्यूबवाले सांगतात तसं दिसेल त्या सहीवर राइट क्लिक करून 'ट्रस्ट' दाबू नका. अशाने बनावट सहीलाही हिरवी टिक मिळेल.

सातबाऱ्याचं जरा वेगळं आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात 1 मे 2018 ला सुरू झाला. धान विक्रीच्या नोंदणीला घरोघरी लागतो, म्हणून प्रिंटच हातोहात फिरते. पण त्यावर पडताळणी क्रमांक छापलेला असतो. तो महाभूमीच्या साइटवर टाका आणि समोर येणारा सातबारा हातातल्या कागदाशी जुळतो का बघा. जमिनीच्या व्यवहारात तर नक्कीच.

एक गोष्ट मात्र कोणताही कोड सांगू शकत नाही. सही कोणत्या किल्लीने झाली हे गणित सांगतं, पिन कोणाच्या बोटांनी दाबला ते नाही. डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये आणि पिन मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर असेल, तर 256 बाइट काय करणार? माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 42 नुसार खासगी किल्ली सांभाळण्याची जबाबदारी प्रमाणपत्र घेणाऱ्याचीच आहे. उद्या तुम्ही सीएकडे आर्टिकलशिप कराल किंवा एखाद्या ऑफिसात लागाल, तेव्हा "हे घे डोंगल, पिन अमुक, करून टाक सही" असं कोणीतरी म्हणेलच. तेव्हा हे कलम आठवा.

परवा बाबांना हे सगळं लॅपटॉपवर दाखवलं. 9 चा 8, पास-नापास, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग कॉलेजवाल्यांनी त्या प्रिंटवर तपासलं तरी काय?"