उष्णतेची मोट

माठातलं पाणी गार का होतं? माठ पाझरतो, बाहेरच्या ओलाव्याची वाफ होते, आणि त्यासाठी लागणारी उष्णता ती आतल्या पाण्यातून घेते. फ्रिजची युक्तीही हीच. फरक इतकाच, की माठाची वाफ वाऱ्यावर जाते आणि फ्रिजची नळीत कोंडलेली राहते.

ह्या नळीत सहज उकळणारा पदार्थ असतो. आजच्या पुष्कळ घरगुती फ्रिजमध्ये तो आयसोब्युटेन असतो. हवेच्या नेहमीच्या दाबाखाली तो उणे १२ अंश सेल्सिअसच्या सुमारास उकळतो. फ्रिजच्या आतल्या नळीत तो उकळतो आणि दूधभाजीची उष्णता घेतो. मग काँप्रेसर ती वाफ ओढून दाबतो. दाबल्याने ती खोलीपेक्षाही गरम होते, मागच्या नळ्यांतून आपली उष्णता खोलीला देते आणि पुन्हा द्रव होते. पुढे अरुंद नळीतून जाताना दाब उतरतो, द्रव थंड होतो, आणि फेरा पुन्हा सुरू.

मग काँप्रेसर कशाला हवा? पाणी उताराकडे वाहते, तशी उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते. विहिरीचे पाणी वर आणायचे तर मोटेला बैल जुंपावे लागत. थंडाकडून गरमाकडे उष्णता आपण होऊन जात नाही, हा नियम रुडॉल्फ क्लाउझियस ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५४ साली मांडला. काँप्रेसर हा ह्या मोटेचा बैल, आणि वीज ही त्याची वैरण.

आता हिशेब पाहू. समजा, आतून २०० भाग उष्णता उपसली आणि १०० भाग वीज खर्ची पडली, तर खोलीत ३०० भाग उष्णता येते. म्हणून खोली बंद करून फ्रिजचे दार उघडे ठेवले, तर खोली गार न होता तापतेच! शिक्षकबंधूंनी हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. फ्रिज भिंतीला अगदी चिकटवू नये, तेही ह्याचसाठी. उष्णतेला बाहेर पडायला वाट हवी.

आरोग्य केंद्रात ह्या गोष्टीला फार मोल आहे. बहुतेक लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. वीज गेली की मोट थांबते, पण बाहेरची उष्णता आत झिरपतच राहते. म्हणून लसीच्या खास फ्रिजला आतून बर्फाचे अस्तर असते. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता घेतो, आणि तेवढा वेळ लस सांभाळली जाते. अशा वेळी ‘बघू तरी गार आहे का’ म्हणून झाकण उघडू नये. त्या झाकणाआड गावातल्या पोरांचे औषध असते.