पोरीचं वय हाडं सांगतात, पण किती नेमकं?

शाळेत असताना आमच्या वर्गात कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला असायचा! तेव्हा गंमत वाटायची. खरी गोष्ट अशी, की घरी कुणाला तारीख ठाऊक नसे आणि नाव घालताना गुरुजी सोयीची तारीख टाकून मोकळे होत. आईला विचारलं तर ती म्हणणार, "आखाजी नुकतीच झाली होती बघ." आपल्या खान्देशात जन्म लक्षात राहायचा तो असाच.

पण हीच तारीख कधीतरी पोलीस विचारतात. समजा, साक्री-शिरपूरकडच्या किंवा यावल-रावेरच्या एखाद्या गावातल्या मुलीला कुणी फूस लावून नेलं, किंवा घरच्यांनीच तिचं लग्न उरकलं. पहिला प्रश्न, पोरीचं वय काय? अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो आणि 'तिची संमती होती' हे म्हणणं चालत नाही. अठरा पूर्ण असतील तर सगळं प्रकरणच फिरतं.

२०१५ च्या बालन्याय कायद्यात यासाठी क्रम ठरलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच डॉक्टरी तपासणी.

या तपासणीत डॉक्टर काय बघतात? दात मोजतात, अक्कलदाढ आली का पाहतात. ती सतरा ते पंचवीसमध्ये केव्हाही येते, म्हणजे तिचा भरवसा थोडाच! मुख्य काम एक्स-रेचं. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेची फट असते. वाढ पूर्ण होत आली की ती बुजते. मुलींमध्ये आधी कोपराची बुजते, मनगटाची साधारण सोळा-सतराच्या सुमारास, कंबरेच्या हाडाची कड त्याहून उशिरा. मुलांमध्ये हे सगळं वर्ष-दोन वर्षं मागे असतं. त्यात खाणंपिणं, आजारपण यांनीही फरक पडतो.

म्हणून हाडं तारीख सांगत नाहीत, अंदाज सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच, जयामाला प्रकरणात, म्हटलं आहे की यात दोन्हीकडे दोन वर्षांची चूक होऊ शकते. आता बघा, अहवालात 'सतरा' आलं तर ती पंधराची असेल किंवा एकोणिसाचीही! आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळू शकतो. खऱ्या सोळा वर्षांच्या पोरीचं यात काय होत असेल, विचार करा.

"आमच्याकडे आधार आहे ना," असं कुणी म्हणेल. पण आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं. नुसता शाळा बदलल्याचा दाखलाही २०२३ च्या एका निकालात पुरेसा धरला गेला नाही.

तेव्हा भक्कम कागद तो जन्मनोंदीचाच. बाळ झाल्यावर एकवीस दिवसांच्या आत नोंद फुकट होते. वर्ष उलटलं की अधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. दाखल्यावर बाळाचं नाव घालायचं राहिलं असेल तर तेही घालून घ्या, पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. आणि एक लक्षात असू द्या, नोंद जन्म झाला त्या गावात असते. पहिलं बाळंतपण माहेरी धुळ्याला झालं असेल, तर जळगावच्या कचेरीत कितीही रांगा लावल्या तरी तिथे ती सापडायची नाही.